औषधाच्या कारखान्यात नवीन गोष्ट शिरते ती कशाच्या जोरावर

प्रश्न कामठीला एम.फार्म. करणाऱ्या एका मुलीचा आहे. ट्रेनिंगसाठी ती बुटीबोरीच्या एका प्लांटमध्ये राहून आली आणि आता विचारून राहिली की सर, कॉलेजात कंटिन्युअस मॅन्युफॅक्चरिंग (बॅच न करता सलग औषध बनवणं), थ्रीडी प्रिंटिंग, एआय असं काय काय शिकवतात, अन् तिथे पाहिलं तर वीस वर्षांपूर्वीचंच ग्रॅन्युलेशन (पावडरचे दाणे बनवणं), तीच मशीन, तेच रजिस्टर, मग या इंडस्ट्रीत इनोव्हेशन होतं तरी कशामुळे? आर अँड डीवर पैसा टाकल्यामुळे, सरकारच्या दट्ट्यामुळे की कॉम्पिटिशनमुळे?

मी टॅब्लेट-कॅप्सूलवाला, सगळी नोकरी प्रॉडक्शनमध्येच गेली, म्हणून माझं उत्तर शॉप फ्लोअरवरून दिसतं तसं आहे, बोर्ड रूममधून वेगळं दिसत असेल.

तर पहा, आपल्या धंद्यात कल्पनांची टंचाई कधीच नव्हती. कोणत्याही प्लांटमध्ये चहाच्या वेळेला ऑपरेटरजवळ जाऊन उभी रहा, तो तुला पाच गोष्टी सांगेल की हे असं केलं तर टाईम वाचेल, ते तसं केलं तर पावडर कमी उडेल, आणि त्यातल्या तीन बरोबर असतील. अडतं ते कल्पनेपाशी नाही, बदल करायच्या खर्चापाशी अडतं. औषधाचं फायलिंग झालं, म्हणजे परवानगीचे कागद सरकारकडे गेले, अप्रूव्हल आलं, की त्या दिवसापासून ती प्रोसेस गोठली असं समज. त्यानंतर त्यात काही नवीन घालायचं तर जो खर्च आणि जी रिस्क आहे त्यापेक्षा न बदलण्याचा तोटा मोठा झाला पाहिजे, तरच कोणी हात लावतो. पेटंट, प्राईस कंट्रोल, इन्स्पेक्टर, एखादी दुर्घटना, हे सगळे या तराजूचं एक ना एक पारडं हलवतात, आणि कोणतं पारडं हललं हे पाहिलं की इनोव्हेशन कुठे होणार आणि कुठे नाही ते बऱ्यापैकी कळतं.

एक उदाहरण घे. समजा चालू प्रॉडक्टमध्ये बाइंडर, म्हणजे पावडर एकत्र धरणारा चिकट पदार्थ, बदलायचा आहे, कारण नवीन बाइंडरने गोळी चांगली बसते आणि रिजेक्शन कमी होतं. पहिले चेंज कंट्रोलचा, म्हणजे बदलाच्या मंजुरीचा फॉर्म, त्यावर प्रॉडक्शन, क्यूए (क्वालिटी अश्युरन्स), क्यूसी (तपासणीची लॅब), आरए (परवानगीचे कागद सांभाळणारे), इंजिनिअरिंग सगळ्यांच्या सह्या. मग ट्रायल, मग नेहमीच्या साईजच्या तीन व्हॅलिडेशन बॅच, मग जुन्या-नव्या गोळीचं डिझोल्युशन प्रोफाईल (किती वेळात किती विरघळते) जुळवून दाखवा, मग चाळीस डिग्री आणि पंच्याहत्तर टक्के ह्युमिडिटीला सहा महिने स्टॅबिलिटी (औषध टिकतं का ते पाहणं), आणि बदल मोठ्या लेव्हलचा असेल तर बायोइक्विव्हॅलन्स (औषध शरीरात तेवढंच पोहोचतं का ही चाचणी) सुद्धा. अमेरिकेत माल जात असेल तर प्रायर अप्रूव्हल सप्लिमेंट, म्हणजे बदलाआधीच्या परवानगीचा अर्ज, टाका, जेनेरिकमध्ये (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) त्याला सहा महिने, इन्स्पेक्शन लागलं तर दहा. आणि तोच माल अजून तीस देशांत जात असेल तर प्रत्येक देशाचा वेगळा फॉर्म, वेगळी फी, कुठे चार महिने तर कुठे दोन वर्षं, आणि तोपर्यंत जुन्या प्रोसेसचा माल एका देशाला आणि नव्याचा दुसऱ्या देशाला, म्हणजे स्टोअरवाल्याच्या डोक्याला ताप. एवढं सगळं मांडल्यावर फायनान्सवाला शांतपणे विचारतो, वर्षाला वाचणार किती? अन् आपण आकडा सांगितला की तो कॅल्क्युलेटर खाली ठेवतो. आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची क्यू-१२ नावाची गाईडलाईन २०१९ मध्ये आली ती ह्याच दुखण्यावर इलाज म्हणून, की अप्रूव्हलनंतरचे बदल आधीच ठरवून घ्या म्हणजे दरवेळी दार ठोठवायला नको. कागदावर फार छान आहे, पण सगळे देश ती सारखी पाळतील तेव्हा खरं.

आता तू म्हणशील की ही सगळी रेग्युलेटरची भीती झाली, उगाच. उगाच नाही. २०१८ चं वाल्सार्टन या ब्लडप्रेशरच्या औषधाचं प्रकरण वाच नीट. चीनमधल्या एका मोठ्या एपीआय (औषधाचा मूळ घटक) उत्पादकाने यील्ड (तेवढ्याच कच्च्या मालातून निघणारा माल) वाढवायला सिंथेसिसची एक स्टेप बदलली. सॉल्व्हंट म्हणून डीएमएफ, आणि उरलेलं अझाईड हे रसायन मारायला सोडियम नायट्राईट. डीएमएफमधून थोडं डायमिथाइल अमाईन निघतं, ते आणि नायट्राईट एकत्र आले की एनडीएमए तयार होतं, ज्याच्यामुळे कॅन्सर होऊ शकतो. यील्ड खरंच वाढला, प्युरिटी टेस्टमध्ये सगळं पास, कारण त्या टेस्टमध्ये एनडीएमए शोधायचाच नव्हता. अनेक वर्षं तो माल जगभर ब्लडप्रेशरच्या पेशंटच्या पोटात गेला आणि मग रिकॉल. म्हणजे इनोव्हेशन तर झालंच होतं, आणि खर्च वाचवण्यासाठीच झालं होतं. त्यानंतर जगभरच्या लॅबमध्ये एलसी-एमएस, जीसी-एमएस ही फार सूक्ष्म मोजणारी मशीनं यायला लागली, नॅनोग्रॅममध्ये मोजणं सुरू झालं, तेही इनोव्हेशनच, फक्त पोळल्यानंतरचं. म्हणून क्यूएचा माणूस तुझ्या चांगल्या आयडियाकडे संशयाने पाहतो तेव्हा लगेच त्याला जुनाट म्हणू नकोस.

पण गोठून राहण्याचाही एक हिशेब असतो. २००३ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने लिहिलं होतं की औषध बनवायची टेक्निक बटाट्याचे चिप्स आणि कपडे धुवायचा साबण बनवणाऱ्यांच्याही मागे आहे. आपलं नागपूर हल्दीरामचं गाव म्हणून ह्याच्यावर जास्तच हसू येतं, पण खोटं नव्हतं ते. चिप्सवाला लाईनवरच ओलावा मोजतो आणि तिथल्या तिथे सेटिंग हलवतो. आपण गोळी बनवतो, क्वारंटाईनमध्ये ठेवतो, सॅम्पल क्यूसीला पाठवतो आणि रिपोर्टची वाट पाहतो. फेल झाली तर पूर्ण बॅच गेली. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, स्वतःच २००२ मध्ये ठरवलं की हे बदलायला पाहिजे, २००४ मध्ये पीएटीची, म्हणजे प्रोसेस चालू असतानाच मोजण्याची, गाईडलाईन आली, २००५ मध्ये आयसीएच क्यू-८, म्हणजे क्वालिटी बाय डिझाईन. त्याचा गाभा असा की तुम्हाला तुमची प्रोसेस खरोखर समजली आहे हे दाखवा, कोणता पॅरामीटर कुठून कुठपर्यंत हलवला तरी गोळी सारखीच येते ते सिद्ध करा, मग त्या हद्दीत हलवायला आम्हाला विचारू नका. बदलाचा खर्च कमी करायचा हा प्रयत्न होता, आणि म्हणूनच माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतलं ते सगळ्यात महत्त्वाचं पाऊल.

हे प्लांटमध्ये कसं दिसतं ते सांगतो, कारण पुस्तकात ते फारच कोरडं वाटतं. वेट ग्रॅन्युलेशन तू पाहिलंस ना? आरएमजीत (दाणे बनवायच्या मिक्सरमध्ये) पावडर, वरून बाइंडर सोल्युशन, खाली इम्पेलर (मोठं पातं) फिरतो, बाजूला चॉपर. थांबायचं कधी? बीएमआरमध्ये (बॅचच्या नोंदवहीत) लिहिलेलं असतं इतकी मिनिटं आणि अँपिअर इतका आला की बंद. प्रत्यक्षात जुना ऑपरेटर मशीन थांबवतो, झाकण उघडतो, मूठभर ओला माल घेतो, दाबतो, मूठ उघडतो. गोळा बनला पाहिजे पण हाताला चिकटायला नको, आणि अंगठा लावला की एका रेषेत तुटला पाहिजे, भुगा नको. त्या मुठीत पंधरा-वीस वर्षं असतात. असा माणूस चांगल्या पगारासाठी हैदराबादला गेला, आणि आपल्याकडून जातातच, हैदराबाद, गोवा, बद्दी, अहमदाबाद, तर मागे राहतो तो बीएमआर, ज्यात मुठीचं काहीच लिहिलेलं नाही. मग हार्डनेस वर-खाली, कॅपिंग (गोळीचा वरचा थर सुटणं), वीस मिनिटांत एकदा मशीन थांबवून सेटिंग. मी काम करत होतो त्या एका कारखान्यात हेच झालं, आणि तिथे इम्पेलरच्या पॉवरचा ग्राफ लॉगरवर घ्यायला सुरुवात झाली ती कोणत्या आर अँड डी पॉलिसीमुळे नाही, तर तो ऑपरेटर गेला म्हणून. ग्राफ कसा चढतो, कुठे सपाट होतो, पुन्हा कुठे चढायला लागतो, हे चांगल्या बॅचचं आणि वाईट बॅचचं शेजारी-शेजारी ठेवलं तर मुठीला जे कळायचं त्यातलं बरंच ग्राफला कळतं. पुढे एफबीडीत (गरम हवेवर दाणे वाळवणाऱ्या ड्रायरमध्ये) एनआयआरचा (इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणारा) प्रोब लावून ओलावा चालू असतानाच पाहणं हे त्याचंच पुढचं पाऊल, पण तो प्रोब महाग आणि त्याचं मॉडेल बनवणारा माणूस त्याहून महाग. एलओडीचं (सॅम्पल तापवून ओलावा मोजायचं) मशीन स्वस्त आहे, म्हणून बहुतेक ठिकाणी अजून दर थोड्या वेळाने सॅम्पल काढून एलओडीच चालतं. माणूस जाण्याचा तोटा हा सुद्धा एक ड्रायव्हर आहे, फक्त प्रेझेंटेशनमध्ये कोणी लिहीत नाही.

आता पैशाचं. पेटंट असेपर्यंत मार्जिन इतकं असतं की मॅन्युफॅक्चरिंगचा खर्च कोणी बघत नाही, माल वेळेवर बाजारात पोहोचला पाहिजे एवढंच. पेटंट संपायची वेळ आली की खरी धावपळ. आयबुप्रोफेन, आपली ब्रुफेन, १९६० च्या दशकात बूट्स कंपनीने सहा स्टेपची प्रोसेस काढली होती, त्यात टाकलेल्या कच्च्या मालातले जेमतेम चाळीस टक्के अणू औषधात जायचे, बाकी कचरा. १९८० च्या दशकात पेटंट गेलं, बाजारात गर्दी झाली, आणि बीएचसी कंपनीने तीन स्टेपची प्रोसेस आणली, १९९२ मध्ये टेक्सासला प्लांट चालू, अणूंचा उपयोग सत्त्याहत्तर टक्क्यांवर. केमिस्ट्रीचं ज्ञान आधी नव्हतं असं नाही, गरज आधी नव्हती. उलट उदाहरणही आहे, मधुमेहाच्या सिटाग्लिप्टिनचं. मर्कने पेटंट चालू असतानाच, रोडियम धातूचा कॅटॅलिस्ट आणि हाय प्रेशर हायड्रोजनेशन काढून कोडेक्सिस कंपनीबरोबर एन्झाईमची प्रोसेस बसवली, यील्ड दहा ते तेरा टक्के वाढला, कचरा एकोणीस टक्के कमी, २०१० चा ग्रीन केमिस्ट्रीचा पुरस्कार मिळाला. पण ते प्रॉडक्ट एवढ्या मोठ्या व्हॉल्यूमचं होतं की फायलिंगचा सगळा खर्च त्यात सहज बुडून गेला. छोट्या व्हॉल्यूमच्या गोळीसाठी असं कोणी करत नाही.

आपल्या देशात तर कायद्यानेच प्रोसेस इनोव्हेशन घडवलं असं म्हणायला हरकत नाही. १९७० चा पेटंट कायदा, १९७२ पासून लागू, औषधाच्या रेणूला पेटंट नाही, फक्त बनवायच्या पद्धतीला, आणि तेही फार तर सात वर्षं. मग काय, तोच रेणू दुसऱ्या रस्त्याने बनवायचा, पेटंटच्या बाजूने निघून जायचं, स्वस्तात. तेहतीस वर्षं इथल्या केमिस्टनी तेच केलं, आणि २००१ मध्ये सिप्लाने एड्सची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो म्हटलं तेव्हा जगाला धक्का बसला, कारण तोवर हाच खर्च दहा-बारा हजार डॉलर होता. ते धाडस होतंच, पण त्याच्या खाली ही प्रोसेसची तयारी होती. २००५ नंतर प्रॉडक्ट पेटंट आलं आणि तो रस्ता बंद झाला, पण हात तयार झाले होते, ते अमेरिकन जेनेरिककडे वळले. तिथे १९८४ च्या हॅच-वॅक्समन कायद्यामुळे जो पहिला पेटंटला आव्हान देऊन फाईल करेल त्याला १८० दिवस एकट्याला बाजार. त्या १८० दिवसांसाठी लोक नवा पॉलिमॉर्फ (त्याच रेणूचं वेगळं स्फटिकरूप), पेटंटला न शिवणारं कोटिंग, काय काय शोधतात. हे सगळं होतं मात्र फायलिंगच्या आधी, हे लक्षात ठेव. आपल्या इंडस्ट्रीतलं बहुतेक इनोव्हेशन त्या आधीच्या दोन-तीन वर्षांतच कोंबलेलं असतं.

प्राईस कंट्रोलची एक गंमत कॉलेजात सहसा सांगत नाहीत. १९९५ च्या डीपीसीओत (औषधांच्या किमतींच्या सरकारी आदेशात) किंमत ठरायची ती खर्चावर, म्हणजे बनवायचा खर्च आणि त्यावर ठरलेलं मार्जिन. मग विचार कर, तू डोकं लावून खर्च कमी केलास तर पुढच्या वेळी सरकार किंमतही कमी करणार, म्हणजे मेहनत तुझी आणि हातात काही नाही. २०१३ च्या डीपीसीओत हे बदललं, एक टक्का किंवा जास्त मार्केट शेअर असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी आणि वर रिटेलरचं सोळा टक्के. आता छत बाजारावरून ठरतं, त्याच्या खाली तुझा खर्च जितका कमी तितकं ते तुझं. त्यावर टीका बरीच झाली, किंमती कमी व्हायला पाहिजे तेवढ्या झाल्या नाहीत म्हणून, आणि ती टीका पेशंटच्या बाजूने बरोबरच आहे, पण प्रॉडक्शनवाल्याला खर्च वाचवण्यात रस आला तो त्यानंतर. त्याच ऑर्डरच्या पॅरा ३२ मध्ये इथल्या रिसर्चमधून काढलेल्या, पेटंट मिळालेल्या नव्या प्रोसेसने बनवलेल्या नव्या औषधाला पाच वर्षं प्राईस कंट्रोलमधून सूट आहे, नवीन ड्रग डिलिव्हरी सिस्टीमलाही आहे. किती कंपन्यांनी ती सूट घेतली हा भाग वेगळा.

सरकारी टेंडरमध्ये मात्र हाच पैशाचा दाब उलटा पडतो. एल-वनला, म्हणजे सर्वात कमी दरवाल्याला, ऑर्डर, पैशा-पैशावर घासाघीस. काही जण त्या दाबात खरंच हुशारी करतात, बॅच साईज वाढवतात, डायरेक्ट कॉम्प्रेशनवर (दाणे न बनवता थेट गोळी) येतात. काही जण टेस्टिंगमध्ये वाचवतात. आणि टेस्टिंग वाचवलं की काय होतं, मग माल टेंडरचा असो की नसो, हे आपल्या नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडची मुलं कफ सिरपने किडनी बंद पडून इथल्याच हॉस्पिटलांमध्ये आणली होती, वीसहून जास्त मुलं गेली, तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल (डीईजी) ४८.६ टक्के निघालं, जिथे मर्यादा ०.१ टक्का आहे. हे विष नवीन नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये एलिक्झिर सल्फानिलामाईडने शंभरावर माणसं मेली आणि १९३८ चा कायदा आला. मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये १९८६ ला ग्लिसरीनमधून चौदा जण गेले, लेंटिन कमिशन बसलं. २०२२ ला आफ्रिकेतल्या गांबियात पुन्हा तेच. प्रत्येक ड्रममधून सॅम्पल घेऊन डीईजी तपासायची टेस्ट काही रॉकेट सायन्स नाही, आणि हा प्रश्न इनोव्हेशनचा नाहीच, होती ती टेस्ट न करण्याचा आहे. २०२३ च्या जूनपासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारी लॅबचं सर्टिफिकेट सक्तीचं झालं, देशातल्या मुलांसाठी मात्र तसं नव्हतं, ह्याचा राग येतो मला अजून.

गांबियानंतर डिसेंबर २०२३ मध्ये शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायचे क्वालिटीचे नियम, बदललं. क्वालिटी रिस्क मॅनेजमेंट, दरवर्षी प्रॉडक्ट क्वालिटी रिव्ह्यू, मशीनचं क्वालिफिकेशन, कॉम्प्युटर सिस्टीमचं व्हॅलिडेशन, जे एक्स्पोर्टवाले आधीच करत होते ते आता सगळ्यांना. लहान कंपन्यांना मुदतवाढ मिळत मिळत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आली. लहान प्लांटचे मालक म्हणतात आम्ही मरू, एवढा खर्च कुठून आणू. काही जण खरंच बंद होतील. पण ह्याच दट्ट्याने जुन्या ट्रे ड्रायरच्या जागी एफबीडी आलं, हाताने लिहायच्या टेम्परेचरच्या चार्टच्या जागी डेटा लॉगर आले, हे मी डोळ्याने पाहून राहिलो. कायद्याच्या धाकाने झालेलं इनोव्हेशन फार हुशार नसतं, शेजाऱ्याने बसवलं म्हणून आपणही बसवलं असं असतं, पण ते सगळ्यांकडे एकदम पोहोचतं.

सर्वात जास्त आवडणारं उदाहरण वेगळंच आहे, मेनिंजायटिसच्या लशीचं. आफ्रिकेतल्या देशांनी आधीच सांगितलं की एका डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त आम्ही देऊ शकत नाही. मोठ्या कंपन्यांना ते परवडेना. मग अमेरिकन एफडीएच्याच लॅबमध्ये तयार झालेली कंजुगेशनची (जंतूवरची साखर प्रोटीनला जोडायची) पद्धत पुण्याच्या सीरमला दिली, आणि सीरमने ती मोठ्या प्रमाणावर बसवली, २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू. म्हणजे किंमत पहिले ठरली, प्रोसेस मागून. आणि पुढे २०१२ मध्ये हीच लस चाळीस डिग्रीपर्यंत चार दिवस फ्रीजबाहेर ठेवायला परवानगी मिळाली, म्हणजे शेवटच्या गावापर्यंत बर्फाचे डबे वाहायला नको. खरेदीदाराने अशी स्पष्ट अट घातली की इंजिनिअरला काय वाचवायचं ते नेमकं कळतं.

आता तुझ्या ट्रेनिंगच्या प्लांटकडे ये. गोळीच्या रेसिपीला हात लावता येत नाही म्हणून नवीन काही दिसलं नाही तुला, पण तू कडेला पाहिलं नसशील. फायलिंगमध्ये जे नाही तिथे बदल स्वस्त आहे, त्यामुळे खरी हालचाल तिकडे असते. एएचयू, म्हणजे हवा थंड आणि स्वच्छ करून आत सोडणारी यंत्रणा, बघ. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस-सेहेचाळीस, आत पंचवीसच्या खाली ठेवायचं, आणि जुलैमध्ये बाहेरची हवा नुसती ओली, आत आरएच (हवेतला ओलावा) धरून ठेवायचा. प्लांटच्या विजेच्या बिलात सर्वात मोठा वाटा ह्या हवेचा. मग व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवा, रात्री काम नसताना फ्लो कमी करा, रिटर्न एअर हेपा फिल्टरमधून फिरवून परत वापरा, चिलरची गरमी वाया न घालवता गरम पाण्याला द्या. हे सगळं व्हॅलिडेट करावं लागतं, पण परदेशात एकही कागद पाठवावा लागत नाही. कोटिंगचंही तसंच. आधी मिथिलीन क्लोराईड आणि आयपीए या सॉल्व्हंटमध्ये कोटिंग व्हायचं, पटकन सुकायचं, पण वास, आगीची भीती, हवेचं प्रदूषण, गोळीत उरणाऱ्या सॉल्व्हंटच्या मर्यादा, हे सगळं जमून लोक पाण्यावर आले. पाण्याचं कोटिंग मे महिन्यात इथे झकास सुकतं, जुलैत तेच सेटिंग ठेवलं तर गोळ्या एकमेकींना चिकटतात, जुळ्या निघतात, गोळीवरचं एन्ग्रेव्हिंग (कोरलेली अक्षरं) भरून जातं. कोटिंग पॅनला जाणारी हवा आधी कोरडी करणारा डिह्युमिडिफायर बसला की मग वर्षभर एकच सेटिंग. हे काही कोणत्या जर्नलमध्ये येणार नाही, पण पावसाळ्यातलं रिजेक्शन त्याच्यानेच उतरतं. पॅकिंग लाईन घे. २०२३ च्या ऑगस्टपासून टॉप तीनशे ब्रँडवर क्यूआर कोड लागला, अमेरिका-युरोपचं सिरियलायझेशन (प्रत्येक पाकिटाला वेगळा नंबर) त्याच्याही आधीपासून, आणि त्या निमित्ताने कॅमेरा आला, कॅमेऱ्याबरोबर रिकामा ब्लिस्टर पॉकेट, तुटकी गोळी पकडणं आलं. कायदा एका कामासाठी आला, उपयोग चार कामांना झाला.

कंटिन्युअस मॅन्युफॅक्चरिंगबद्दल विचारलंस. टेक्नॉलॉजी खोटी नाही, २०१५ मध्ये व्हर्टेक्सच्या ऑरकाम्बी या गोळीला पहिल्यापासूनच कंटिन्युअसवर अप्रूव्हल मिळालं, २०१६ मध्ये जॅन्सेनने चालू असलेली प्रेझिस्टा बॅचमधून कंटिन्युअसवर आणली, आणि २०२२ मध्ये त्यासाठीची आयसीएच क्यू-१३ गाईडलाईन पण आली. पण ते एक प्रॉडक्ट, मोठा व्हॉल्यूम, मोठं मार्जिन ह्याला जमतं. आपल्याकडच्या प्लांटमध्ये महिन्याला चाळीस प्रॉडक्ट, प्रत्येकाच्या दोन बॅच, मशीनचे पैसे कधीच फिटलेले आणि मजूर स्वस्त. त्याला कंटिन्युअस लाईन विकायला जा, तो तुला चहा पाजून परत पाठवेल. पुढची दहा वर्षं तरी इथे ते थोडक्या ठिकाणीच दिसेल असं माझं मत आहे.

एपीआयचं थोडक्यात सांगतो, माझा विषय नाही. पेनिसिलिन-जी आपण १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बनवत होतो, मग चीनचं स्वस्त आलं आणि फर्मेंटेशन इथून जवळजवळ संपलं. कोविडच्या धसक्याने २०२० मध्ये ६,९४० कोटींची पीएलआय (उत्पादनावर प्रोत्साहन देणारी सरकारी योजना) आली आणि २०२४ मध्ये काकीनाडाजवळ पुन्हा मोठा प्लांट सुरू झाला. पण सबसिडी प्लांट उभा करते, पुढे तो चालेल की नाही ते बुरशीच्या स्ट्रेनवर आणि यील्डवर ठरतं, आणि मधल्या काळात ज्यांना ते जमायचं ती माणसं रिटायर झाली.

आता तुझ्या कामाचं. प्रोजेक्टसाठी विषय शोधून राहिलीस ना, तर एआय वगैरेच्या मागे लागायच्या आधी ज्या प्लांटमध्ये गेली होतीस तिथल्या क्यूएला विचार की गेल्या तीन वर्षांचं चेंज कंट्रोलचं रजिस्टर बघता येईल का, प्रॉडक्टची नावं झाकून. कोणते प्रस्ताव आले, कोणते बंद झाले, कारण काय लिहिलं, किती दिवस लागले. ते देणार नाहीत अशी शक्यता जास्त, मग डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याच्या नोंदींचा, ट्रेंड तरी माग, महिन्याप्रमाणे. जुलै-ऑगस्टचे डेव्हिएशन वेगळे काढ, त्यात हवा, ओलावा, चिकटणं ह्याचे किती ते मोज. तेवढ्यावर एक चांगला थीसिस होतो. नोकरीचं म्हणशील तर मिहानला लुपिनचा एक्स्पोर्टचा प्लांट आहे, तिथे डॉक्युमेंटेशनची शिस्त शिकायला मिळेल, कळमेश्वरला झिम लॅबोरेटरीज तोंडात विरघळणाऱ्या फिल्मसारख्या डोसेज फॉर्मवर काम करते, तिथला रस वेगळा. मला विचारशील तर पहिली दोन वर्षं एफ अँड डीमध्ये (नवे फॉर्म्युले बनवणाऱ्या विभागात) न जाता शॉप फ्लोअरवर काढ, नाईट शिफ्टसकट, घरच्यांना आवडणार नाही ते माहीत आहे. फॉर्म्युला लिहिणाऱ्याला जर माहीत असेल की जुलैच्या रात्री दोन वाजता ती गोळी पंचला कशी चिकटते, तर तो ते फायलिंगच्या आधीच निस्तरून ठेवतो, कारण नंतर त्याला ते करू कोणी देत नाही.